मदत हवी आहे: सॅम रेबर्न जलाशयातले बास मासे उन्हाळ्यात जातात कुठे?

मंडळी, ह्यूस्टनहून टेक्सासमधल्याच सॅम रेबर्न जलाशयावर गळ टाकायला जातो. मार्च-एप्रिलमध्ये लार्जमाउथ बास अंडी घालायला काठाशी आले होते; तेव्हा गळ टाकायचा अवकाश, मासा लागायचा. जूनपासून मात्र बोहनीसुद्धा नाही! अंडी घालून झाली की बास शॅड या छोट्या माशांच्या मागे खोल पाण्याकडे सरकतात, एवढं माहीत आहे. पण जलाशय १,१४,००० एकरांचा, शोधायचं कुठून? हायड्रिला या पाण्याखालच्या तणाच्या बाहेरच्या कडेने, की बुडालेल्या जुन्या ओढ्यांच्या काठांवर, १५-२५ फुटांत? थर्मोक्लाइनखाली (वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी वेगळं करणाऱ्या थराखाली) प्राणवायू कमी, म्हणून तिथे वेळ घालवत नाही. सोनारवर (ध्वनिलहरींनी मासे शोधणाऱ्या यंत्रावर) ठिपके दिसतात, पण ते बास की दुसरंच काही? आधी डीप क्रँकबेट (खोल जाणारं नकली माशाचं आमिष) फिरवू की कॅरोलिना रिग (वजन लावून तळावरून ओढायची गळाची जुळणी)? बायको म्हणते, त्यापेक्षा दुकानातून पापलेट आण.