बांबूच्या धनुष्याला दोरी कसली लावायची?

सिंहगड रोडला राहतो. उन्हाळ्यात व्हिडिओ बघून पाच फुटी बांबूचं धनुष्य केलं, ओढायला साधारण ३५ पौंड जोर लागतो असं. धनुष्य बरं झालंय पण दोरीने जीव खाल्लाय, बोहरी आळीतून नायलॉनची आणली तर दहा बाणांत सैल, परत गाठ मारा परत सैल, आता तर बाण सोडला की मनगटावर फटका बसतो. ऑनलाइन डायनीमाची (एक मजबूत सिंथेटिक धागा) तयार मिळतेय, घेऊ का?

कामठेवाला
नायलॉन ताणणारच, दुकानदाराला शिव्या देऊ नका. दोरी सैल झाली की ती धनुष्याच्या जवळ येते म्हणून मनगटावर बसते. मूठ धरून अंगठा उभा करा, धनुष्याच्या पोटापासून दोरी तेवढी लांब हवी, सहा-सात इंच. डायनीमा नको, ती ताणतच नाही, सगळा झटका बांबूवर जातो आणि बारीक दोरी खाचेत सुरीसारखी घुसते. पॉलिएस्टर घ्या, आर्चरीवाले डॅक्रॉन म्हणतात ते. धागे धनुष्यापेक्षा दीड फूट जास्त कापा, मधमाशीचं मेण चोळा, दोन पेड करा, प्रत्येक पेड एकीकडे पिळायचा आणि दोन्ही एकमेकांवर उलटीकडे, सुतळी वळतात तसं. वरच्या टोकाला फासा, खाली नुसती गाठ चालते. नंतर थोडी ताणली तर गाठ सोडू नका, फासा काढून चार पीळ वाढवा, दोरी आखडते.

प्रश्नकर्ता
भारी! पण धागे किती घ्यायचे दादा?

कामठेवाला
बादली काढा. एका धाग्याला टांगून हळूहळू पाणी ओता, किती किलोला तुटतो बघा, खाली पाय ठेवू नका (मी ठेवला होता). ३५ पौंड म्हणजे १६ किलो, दोरी त्याच्या चौपट तरी हवी, ६४. धागा ५ किलोला तुटला तर १३ लागतात, पण गाठीत आणि पिळात ताकद जाते म्हणून मी १६ घेतो. मध्ये बाण लागतो तिथे दोरा घट्ट गुंडाळायचा, नाहीतर तिथेच झिजते.

पेठेतला
सगळं प्लास्टिकच का पण? भिल्लांच्या धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची असते. आणि क्षत्रियाची मेखला (कमरेची दोरी) मौर्वी असावी असं मनुस्मृतीत आहे, मौर्वी म्हणजे मूर्वा नावाच्या झाडाच्या धाग्याची धनुष्याची दोरी. तिची भाऊबंद म्हणजे नर्सरीत मिळणारं स्नेक प्लांट, तुमच्या बाल्कनीत असेल बघा.

प्रश्नकर्ता
आहे, पण आईचं आहे 😅 पॉलिएस्टरच आणतो.