मदत हवी आहे: मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमध्ये नोडचे शिळे स्थान आणि दोन नोडांत अडकून संपणारी पॅकेट्स

नमस्कार मंडळी,

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी मोबाइल ॲड हॉक नेटवर्कमधील (म्हणजे ठरावीक टॉवर किंवा राउटरशिवाय, फिरती उपकरणे म्हणजेच नोड एकमेकांकडे पॅकेट पुढे देत बनवतात त्या नेटवर्कमधील) स्थानाधारित राउटिंगचे सिम्युलेशन करत आहे. गेले तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलो असल्यामुळे हा धागा काढत आहे. मजकूर लांबला आहे, पण अर्धवट माहिती देऊन जाणकारांना उलटे प्रश्न विचारायला लावण्यापेक्षा जे केले ते सगळे मांडणे मला योग्य वाटले.

आधी मांडणी सांगतो. १००० मीटर × १००० मीटर मैदानात ६० नोड आहेत आणि प्रत्येकाचा रेडिओ पल्ला २५० मीटर धरला आहे. या घनतेला एका नोडला सरासरी अकरा-बारा शेजारी मिळतात. नोडांची चाल रँडम वेपॉइंट पद्धतीची आहे, म्हणजे नोड मैदानातला एक बिंदू निवडतो, ० ते २० मीटर प्रति सेकंद यांमधला एक वेग निवडतो, तिथे पोचतो आणि न थांबता पुढचा बिंदू निवडतो. राउटिंगसाठी कार्प आणि कुंग यांनी २००० साली मांडलेल्या जीपीएसआर प्रोटोकॉलचा ग्रीडी भाग मी स्वतः लिहिला आहे. त्यात नोड आपल्या शेजाऱ्यांपैकी गंतव्याच्या सर्वांत जवळ असलेल्याकडे पॅकेट सोपवतो, आणि स्वतःपेक्षा जवळचा कोणीच सापडला नाही तर पॅकेट टाकून देतो. अशा पोकळीला वळसा घालणारा पेरिमीटर मोड अजून लिहिलेला नाही. शेजाऱ्यांची स्थाने कळावीत म्हणून प्रत्येक नोड दर सेकंदाला एक हॅलो संदेश ब्रॉडकास्ट करतो, त्यात त्याचा क्रमांक आणि स्थान असते. ४.५ सेकंदांत नवा हॅलो आला नाही तर त्या शेजाऱ्याची नोंद काढून टाकली जाते. सगळ्यांचे हॅलो एकाच क्षणी सुटू नयेत म्हणून सुरुवातीचे हॅलो पहिल्या १० मिलिसेकंदांत विखरून सोडले आहेत, त्यानंतर मात्र प्रत्येकाचे अंतर बरोबर एक सेकंद आहे.

नोड स्थिर ठेवले की जवळजवळ सगळी पॅकेट्स पोचतात. वेग वाढवला की पोचणाऱ्या पॅकेट्सचे प्रमाण घसरते, आणि ही घसरण माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच मोठी आहे. सुरुवातीला मी सगळा दोष नसलेल्या पेरिमीटर मोडवर टाकला होता. परंतु ट्रेस फाइल (पॅकेट्सच्या प्रवासाची सिम्युलेटरने केलेली नोंद) ओळीने वाचायला घेतल्यावर चित्र वेगळे निघाले. पुढे जायला शेजारीच नाही म्हणून टाकलेली पॅकेट्स थोडी आहेत. बहुतेक पॅकेट्स हॉपची मर्यादा, म्हणजे टीटीएल, संपल्यामुळे मेली आहेत.

त्यातले ४१२ क्रमांकाचे पॅकेट नमुन्यादाखल सांगतो. ते तीन हॉप नीट पुढे सरकले आणि सिम्युलेशनच्या ६१.२०४ व्या सेकंदाला १७ व्या नोडवर आले. १७ ने ते २३ कडे दिले, २३ ने ते परत १७ कडे दिले, १७ ने पुन्हा २३ कडे, आणि हे असेच चालू राहून ६१.४४८ व्या सेकंदाला टीटीएलचे ६४ हॉप संपले. त्या क्षणाची दोघांची शेजाऱ्यांच्या नोंदींची टेबले छापून पाहिली. १७ चे स्वतःचे गंतव्यापासूनचे अंतर ३४२ मीटर होते आणि त्याच्या टेबलानुसार २३ चे अंतर ३१० मीटर होते, म्हणून २३ कडे देणे त्याच्या दृष्टीने योग्यच होते. प्रत्यक्षात २३ हा १८ मीटर प्रति सेकंद वेगाने उलट दिशेला चालला होता आणि तोवर ३७१ मीटरवर पोचला होता. १७ कडे त्याची जी नोंद होती ती ३.४ सेकंद जुनी होती. २३ ला स्वतःचे ३७१ मीटर ठाऊक असल्याने आणि त्याच्या टेबलात १७ चे अंतर ३४९ मीटर दिसत असल्याने त्याने पॅकेट १७ कडे परत केले, त्याचेही काही चुकले नाही. दोघेही आपापल्या माहितीशी प्रामाणिक आहेत आणि पॅकेट मात्र मधल्यामध्ये मरते.

माझे प्रश्न असे आहेत. हॅलो दर सेकंदाला सुटत असताना नोंद ३.४ सेकंद जुनी कशी राहते? हॅलोचे अंतर कमी करून अर्ध्या सेकंदावर आणले तर घसरण थोडी सावरते, पण हॅलोची गर्दी दुप्पट होते, तेव्हा हा उपाय म्हणावा की नुसती मलमपट्टी? तिसरी गोष्ट अशी की, सिम्युलेशन ३०० सेकंद चालवण्याऐवजी ९०० सेकंद चालवले की तोच प्रोटोकॉल चांगले निकाल देतो, याचे कारण मला अजिबात उमगत नाही. शेवटचा प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे. आत्तापर्यंत गंतव्य नोडचे स्थान मी थेट सिम्युलेटरकडून खरे तेच घेत आलो आहे, प्रत्यक्षात ते कोणीतरी कळवावे लागेल. ६० नोडांसाठी स्थानसेवा कोणती निवडावी?

प्रतिसाद १

आपण टेबले छापून पाहिलीत, त्यामुळे निदान करणे सोपे झाले आहे. पेरिमीटर मोड बाजूला ठेवण्याचा आपला निर्णय बरोबर आहे. अकरा-बारा शेजारी असताना पोकळ्या क्वचितच आडव्या येतात, आणि टेबलातली स्थाने शिळी असताना पेरिमीटर मोड जोडला असता तर त्याच चुकीच्या स्थानांवर आणखी एक गुंतागुंत उभी राहिली असती.

पहिला प्रश्न हॅलोचा. ब्रॉडकास्ट चौकटीला (फ्रेमला) पोच, म्हणजे मिळाल्याची पावती, नसते, म्हणून ती धडकून वाया गेली तरी पाठवणाऱ्याला कळत नाही आणि ती पुन्हा पाठवली जात नाही. डेटाचे पॅकेट मात्र एकाच नोडला उद्देशून असते, पोच आली नाही तर एमएसी थर (रेडिओवर चौकटी पाठवण्याचे काम पाहणारा थर) ते पुन्हापुन्हा पाठवतो. म्हणूनच १७ आणि २३ यांच्यात डेटा सुरळीत ये-जा करतो आणि त्याच वेळी हॅलो मात्र हरवलेले असतात. आता आपली मांडणी पाहा. एकमेकांना ऐकू न येणारे दोन नोड आपापला हॅलो एकाच सुमारास सोडतात आणि दोघांच्या मधल्या नोडवर ते धडकतात. आपले अंतर बरोबर एक सेकंद असल्यामुळे पुढच्या सेकंदालाही ते दोघे त्याच क्षणी सोडतात आणि पुन्हा धडकतात. सुरुवातीचे १० मिलिसेकंद ६० नोडांना फार अपुरे आहेत, आणि एकदा जुळलेली वेळ नंतर मोडतच नाही. तीन हॅलो ओळीने हरवण्यामागे योगायोग नसून हेच कारण असावे असे मला वाटते. मूळ जीपीएसआरमध्ये प्रत्येक हॅलोनंतरचे अंतर ठरलेल्या अंतराच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत यदृच्छेने निवडतात, ते याचसाठी. हॅलोंची संख्या वाढवण्याआधी हा बदल करावा.

दुसरी उणीव त्याहून मोलाची आहे. जीपीएसआरमध्ये नोड जे जे डेटा पॅकेट पुढे पाठवतो त्यावर आपले त्या क्षणाचे स्थान चिकटवतो, आणि आजूबाजूचे नोड स्वतःसाठी नसलेली पॅकेट्सही ऐकून आपली टेबले सुधारतात. आपल्या ट्रेसमध्ये ६१ हॉप २४४ मिलिसेकंदांत झाले, म्हणजे एका हॉपला साधारण ४ मिलिसेकंद लागले. हॅलो वेळेवर येत असते तरी पॅकेटचे सगळे आयुष्य दोन हॅलोंच्या मधल्या फटीत संपून गेले असते. स्थान पॅकेटवरच असते, तर २३ ने पहिल्यांदा पॅकेट परत करताक्षणी १७ ला ३७१ मीटर हा आकडा कळला असता आणि त्याने दुसरा शेजारी निवडला असता. त्याच जोडीला, एमएसी थराने ठरलेल्या प्रयत्नांनंतर हार मानली की त्या शेजाऱ्याची नोंद ४.५ सेकंदांची वाट न पाहता लगेच काढावी. ग्रीडी पद्धत स्वभावतःच पल्ल्याच्या काठावरचा शेजारी निवडते, कारण तोच बहुधा सर्वांत पुढे असतो, आणि पल्ल्याबाहेर सर्वांत आधी जाणाराही तोच असतो. दोन नोड २० मीटर प्रति सेकंद वेगाने विरुद्ध दिशांना निघाले तर ४.५ सेकंदांत त्यांच्यातले अंतर १८० मीटरने वाढते, तेव्हा काठावरच्या नोंदीवर इतका वेळ विसंबून राहणे परवडत नाही. सन, हेल्मी आणि कृष्णमाचारी यांनी २००४ मध्ये स्थानातील चुकांचा जो अभ्यास मांडला त्यात हेच दोन आजार वेगळे दाखवले आहेत, एक तुटलेल्या दुव्याचा आणि दुसरा घोटाळत राहणाऱ्या पॅकेटचा. त्यांचा उपाय हॅलोमधील स्थानांवरून शेजाऱ्याचे आत्ताचे स्थान अंदाजाने काढण्याचा आहे. आपल्याला तो सहज करता येईल: जुने स्थान, त्यात वेग गुणिले नोंदीचे वय मिळवले, आणि आलेला बिंदू पल्ल्याच्या काठाशी असेल तर तो शेजारी सोडून दिला. यासाठी टेबलातल्या प्रत्येक नोंदीसोबत तिची वेळ ठेवणे आले.

३०० आणि ९०० सेकंदांचे कोडे प्रोटोकॉलचे नाही. आपण किमान वेग ० ठेवला आहे. एखाद्या नोडने ०.०१ मीटर प्रति सेकंद असा वेग निवडला आणि त्याचा बिंदू ५०० मीटरवर असला, तर त्याला पोचायला ५०,००० सेकंद लागतील, म्हणजे आपल्या सिम्युलेशनपुरता तो उभाच राहिला. वेगवान नोड आपला टप्पा चटकन संपवून नवा वेग निवडतात आणि संथ नोड मात्र संथ वेगातच अडकतात, त्यामुळे जसजसा वेळ जातो तसतसे अधिकाधिक नोड रेंगाळू लागतात. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की किमान वेग शून्य असेल तर सरासरी वेग शून्याकडे घसरत जातो. ९०० सेकंदांच्या चाचणीत आपण नकळत सोपा पेपर सोडवला आहे. किमान वेग १ ठेवा आणि सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळा. तेव्हाही सरासरी वेग १०.५ नसून ६.३ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास स्थिरावेल, कारण ती सरासरी १९ भागिले २० चा नैसर्गिक लॉगरिदम अशी येते, आणि अहवालात हाच आकडा लिहावा.

स्थानसेवेबद्दल. जीएलएस (ग्रिड लोकेशन सर्व्हिस) या स्थानसेवेत मैदानाचे चौकोनात चौकोन पाडून ठरावीक नोडांवर इतरांची स्थाने जपण्याचे काम सोपवतात. ती रचना मला मनापासून आवडते, पण तिचा खरा लाभ नोडांची संख्या बरीच मोठी झाल्यावर दिसतो, ६० साठी ती लिहीत बसू नये. को आणि वैद्य यांच्या १९९८ च्या एलएआर (लोकेशन-एडेड राउटिंग) प्रोटोकॉलमधली कल्पना आपल्याला पुरेल. गंतव्याचे शेवटचे ठाऊक स्थान, त्यानंतर गेलेला वेळ आणि वेग यांवरून एक वर्तुळ काढायचे. नोंद १२ सेकंद जुनी आणि वेग १० मीटर प्रति सेकंद असेल तर त्रिज्या १२० मीटर झाली. शोध घेणाऱ्या नोडला आणि त्या वर्तुळाला सामावणाऱ्या आयतातल्या नोडांनीच शोधसंदेश पुढे पाठवायचा. संवाद सुरू झाला की गंतव्याने प्रत्येक पोचेसोबत आपले नवे स्थान कळवावे. दूरच्या नोडची माहिती थोडी जुनी असली तरी चालते, ही त्याच वर्षीच्या ड्रीम प्रोटोकॉलमधली गोष्टही जोडून घ्या. १०० मीटरवरचा नोड आडवा ५० मीटर सरकला तर दिशा सुमारे २७ अंशांनी बदलते, १००० मीटरवरचा तितकाच सरकला तर ३ अंशांनीही नाही. म्हणून मधल्या नोडांनी, आपल्याकडे गंतव्याची अधिक ताजी नोंद असेल तर, पॅकेटवरचे स्थान वाटेतच बदलावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. नोडांच्या चालींची फाइल तीच ठेवून मी एकेक बदल वेगळा करून पाहिला. हॅलोचे अंतर अर्ध्या ते दीड सेकंदात विखुरल्यावर ओळीने तीन हॅलो हरवण्याचे प्रसंग अगदी तुरळक झाले, परंतु पॅकेटचे दोन नोडांत घोटाळणे पूर्ण थांबले नाही. डेटा पॅकेटवर स्थान चिकटवल्यावर मात्र ते थांबले. ६१ व्या सेकंदाच्या आसपासचा ट्रेस पुन्हा काढला, तेव्हा १७ ने एकदा २३ कडे पॅकेट दिले, ते परत येताच त्याने तिसऱ्याच शेजाऱ्याकडे सोपवले आणि पॅकेट पोचले. तो एक वाया गेलेला हॉप अंदाजित स्थान वापरल्यावर वाचतो का, हे आता तपासत आहे.

किमान वेगाची चूक कळल्यावर आधीचे सगळे निकाल मी बाजूला काढून ठेवले आहेत. त्यांतले दोन आलेख मार्गदर्शकांना दाखवून झाले होते, त्यामुळे त्यांनाही हे कारण लेखी कळवले. एक शंका उरते. पॅकेटवरचे गंतव्याचे स्थान वाटेत बदलायचे, तर दोन नोंदींपैकी ताजी कोणती हे ठरवण्यासाठी सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत का?

प्रतिसाद २

घड्याळे जुळवण्याची गरज नाही. दोन्ही नोंदी एकाच गंतव्य नोडच्या आहेत, तेव्हा त्या नोडनेच प्रत्येक वेळी स्थान कळवताना एक चढता क्रमांक सोबत पाठवावा, मोठा क्रमांक ती ताजी नोंद. मार्ग ताजा की शिळा हे ठरवायला एओडीव्ही या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये गंतव्याचा अनुक्रमांक वापरतात, तीच युक्ती इथे चालेल. शेजाऱ्याच्या नोंदीचे वय काढताना हॅलो ज्या क्षणी मिळाला तो क्षण आपल्याच घड्याळाने टिपावा, एका हॉपचा उशीर काही मिलिसेकंदांचाच असल्याने त्याने अंदाजात फरक पडत नाही. एलएआरच्या वर्तुळासाठी वय लागते तेव्हा मात्र नोंद अनेक हॉप फिरून आलेली असते, म्हणून प्रत्येक नोडने ती आपल्याकडे जितका वेळ पडून होती तितका वेळ वयात मिळवून मगच पुढे द्यावी.