सिंधुदुर्गात माकडताप, डेंगी आणि चिकुनगुन्यासाठी एकच सेरोसर्व्हे : नमुने किती, चाचणी कुठली?

प्रश्न (सह्याद्री_साथरोग):
दोडामार्ग-सावंतवाडी पट्टा आणि शेजारचा गोव्यातला सत्तरी तालुका मिळून रक्तातल्या अँटीबॉडीचं सर्वेक्षण करायचं आहे. माकडताप म्हणजे गोचिडीतून होणारा केएफडी (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज), डेंगी आणि चिकुनगुन्या असे तिन्ही एकाच रक्तनमुन्यात बघायचे आहेत. तीन गोष्टी ठरत नाहीत. आयजीएम (लागणीनंतर लगेच येणारी अँटीबॉडी) करायचं की आयजीजी (नंतर येऊन दीर्घकाळ टिकणारी)? नमुने किती घ्यायचे? आणि केएफडी व डेंगी दोन्ही फ्लेविव्हायरस म्हणजे एकाच कुळातले विषाणू, मग एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या चाचणीत लागली तर ती ओळखायची कशी?

उत्तर १ (पेशीसंवर्धन):
आयजीजीच. आयजीएम साधारण दोन-तीन महिने टिकतं, त्यावरून साथ चालू असताना रुग्ण शोधता येतात. एखाद्या भागात विषाणू किती वर्षांपासून आणि कुठवर फिरतोय हे आयजीजीच सांगतं.

नमुन्यांची संख्या तिन्हींसाठी एकच धरू नका. डेंगीचं प्रमाण ४० टक्के असेल असं गृहीत धरून ५ टक्क्यांची अचूकता हवी असेल, तर साधे ३६९ लागतात. घरं वाडीनिहाय निवडणार, म्हणून डिझाइन इफेक्ट (एका वाडीतली माणसं एकसारखी असतात म्हणून नमुने जितक्या पटीने वाढवायचे तो आकडा) २ धरून ७३८, आणि दहा टक्के लोक नकार देतील म्हणून ८२०. केएफडीचं प्रमाण ५ टक्के आणि अचूकता २ टक्के धरली तर साधेच ४५६ होतात, वरचा हिशोब लावून १,०१३. हा आजार मात्र ठरावीक वाड्यांत दाटीने सापडतो, त्यामुळे केएफडीला डिझाइन इफेक्ट ३ धरलेला बरा. अशा वेळी एका वाडीत जास्त माणसं घेण्यापेक्षा वाड्यांची संख्या वाढवा.

आता खरी अडचण. समजा १,००० जणांत केएफडीचं खरं प्रमाण २ टक्के आहे. चाचणीची संवेदनशीलता (लागण झालेल्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९५ टक्के आणि विशिष्टता (न झालेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९७ टक्के असेल, तर २० पैकी १९ खरे पॉझिटिव्ह सापडतील. उरलेल्या ९८० मध्ये २९ खोटे पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे हाती आलेल्या ४८ पैकी निम्म्याहून जास्त चुकीचे. आधी डेंगी होऊन गेलेल्यांच्या, त्यातही दोनदा झालेल्यांच्या रक्तात अँटीबॉडी इतक्या असतात की एलायझाच्या (अँटीबॉडी शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीच्या) थाळीत त्या केएफडीच्या प्रतिजनालाही चिकटू शकतात. यासाठी एलायझात लागलेला प्रत्येक नमुना आणि न लागलेल्यांपैकी साधारण दहा टक्के नमुने न्यूट्रलायझेशनला, म्हणजे अँटीबॉडी जिवंत विषाणूला रोखते का हे बघणाऱ्या चाचणीला, पाठवा.

पद्धत थोडक्यात अशी : रक्तद्रव (सीरम) ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवून निष्क्रिय करायचं, १:१० पासून दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, तेवढ्याच प्रमाणात विषाणू मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि व्हेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर) घालायचं. एका विषाणूचं टायटर (किती पातळ केल्यावरही रक्तद्रव विषाणूला रोखतं तो आकडा) दुसऱ्यापेक्षा चौपट किंवा जास्त असेल तरच त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर ‘फ्लेविव्हायरस, प्रकार अनिश्चित’ असं लिहायचं. जिवंत केएफडी विषाणू साध्या प्रयोगशाळेत हाताळता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेशी काम सुरू करण्याआधीच बोलणी करा.

उत्तर २ (वाडीवस्ती):
गावातल्या कामाबद्दल सांगतो. सकाळी दहा वाजता घरोघर गेलात तर घरात बायका आणि म्हातारी माणसंच भेटतील. मार्च ते मे काजू गोळा करायला माणसं पहाटेच बागेत जातात आणि गोचीड चावण्याचा सर्वांत जास्त धोका त्यांनाच. आशाताईंच्या यादीतून आधीच नावं काढा आणि संध्याकाळी जा. सापडला नाही म्हणून शेजारच्याचं रक्त घेऊ नका, पुन्हा जा.

रक्त ५ मिलि, लाल झाकणाच्या साध्या नळीत. अर्धा तास उभी ठेवून गाठ होऊ द्या, मगच गार पेटीत ठेवा. कडक गोठलेला आइसपॅक नळीला टेकला की रक्तपेशी फुटतात, रक्तद्रव लालसर होतं आणि एलायझाचं वाचन बिघडू शकतं. आइसपॅकवर दव सुटेपर्यंत तो बाहेर ठेवा आणि नळ्यांभोवती कापड गुंडाळा. त्याच दिवशी सेंट्रिफ्यूज करून तीन भाग करा. एक एलायझाला, एक न्यूट्रलायझेशनला उणे ८० वर, एक राखीव. पुन्हापुन्हा गोठवलं-वितळवलं तर टायटर घसरतं.

बोटातून कागदावर रक्त घेण्याचा पर्याय पावसाळ्यात कोकणात नको. कागद नीट वाळत नाही, बुरशी धरते.

प्रश्नावलीत लसीचा प्रश्न ठेवाच : केएफडीची लस, जपानी मेंदूज्वराची लस, परदेशी जाण्यासाठी घेतलेली पीतज्वराची लस. या तिन्हींमुळे फ्लेविव्हायरसच्या अँटीबॉडी तयार होतात.

सह्याद्री_साथरोग:
आभार. वयोगट कसे पाडावेत? आणि एकाच फेरीत ‘दरवर्षी किती जणांना लागण होते’ हे कळेल का?

उत्तर ३ (गणितातून_साथ):
डेंगीसाठी कळेल. देशभरातल्या २०१७-१८च्या सर्वेक्षणातले गट ५ ते ८, ९ ते १७ आणि १८ ते ४५ असे होते, तेच ठेवा म्हणजे तुलना करता येईल. त्यात डेंगीचं एकूण प्रमाण ४८.७ टक्के आलं होतं. मात्र नोंद गटाची नको, पूर्ण वयाची करा. नऊ वर्षांच्या मुलांत ४० टक्के पॉझिटिव्ह असतील तर ०.६ च्या नैसर्गिक लॉगरिदमला (ऋण चिन्ह सोडून) ९ ने भागून वर्षाला सुमारे ५.७ टक्के लागण असा दर येतो. दरवर्षी धोका सारखाच होता, हे त्यात गृहीत आहे.

चिकुनगुन्याला हे गृहीत चालत नाही. १९७३ मध्ये बार्शीत साथ आली, मग तो देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये जोरात परतला. जिथे त्यानंतर फारसा पसरला नाही, तिथे वयाच्या आलेखात चढण दिसत नाही, पायरी दिसते : २००६ नंतर जन्मलेल्यांत प्रमाण कमी, आधीच्यांत एकदम जास्त. अशा आलेखावर सरासरी वार्षिक दर काढला तर आकडा मिळेल, पण त्याला अर्थ नसेल.

केएफडीला एक फेरी पुरत नाही. हंगाम डिसेंबर ते मे. त्याच माणसांचं रक्त नोव्हेंबरात आणि पुन्हा जूनमध्ये घ्या, निगेटिव्हचे पॉझिटिव्ह किती झाले ते मोजा. जोडीतले दोन्ही नमुने एकाच थाळीत, एकाच दिवशी तपासा, नाहीतर किटच्या बॅचमधला फरक नवी लागण म्हणून मोजला जाईल.

शेवटी चाचणीची दुरुस्ती. डेंगीत १२ टक्के आले, संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ९५ असेल, तर १२ मधून ५ वजा करून ०.८५ ने भागा : ८.२ टक्के. केएफडीत ४ टक्केच आले आणि विशिष्टता ९५ असेल तर उत्तर ऋण येतं. तेव्हा एलायझाचा तो आकडा अहवालात घालू नका, न्यूट्रलायझेशनने पक्के झालेलेच मोजा.