बी विंग ग्रुप : धण्याचं पाणी

सीमा ४०३: "धण्याच्या पाण्याने थायरॉइड मुळापासून बरा" हे कोणी टाकलं होतं? सासूबाईंनी महिनाभर गोळी बंद ठेवली, आम्हाला पत्ता नाही. आज थायरॉइडची रक्ततपासणी केली, टीएसएच ३८, खूपच वाढलाय. पाय सुजलेत, आवाज घोगरा, दिवसभर झोप.

देशपांडे काका १०१: मी टाकलं. आलं तसं पुढे पाठवलं. गोळी बंद करा असं मी म्हटलं नव्हतं.

सीमा ४०३: मेसेजमध्ये होतं काका. लाल अक्षरात.

जयश्री २०२: सैंधव मिठाची एकत्र ऑर्डर देतोय. रविवारपर्यंत नावं द्या 🙏

डॉ. नेहा ६०१: सीमाताई, आजींना हाशिमोटो आहे ना? म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला पोखरते. हार्मोन कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी टीएसएच वाढवून तिच्यामागे तगादा लावते. धणे प्यायचे तर पिऊ द्या, गोळी हवीच. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका.

राजू ३०१: आमच्या हिचा टीएसएच ०.०१. एकदम झकास ना?

डॉ. नेहा ६०१: नाही हो, उलट! ग्रंथी जास्त चालतेय. गोळी घेत असतील तर डोस जास्त झालाय. धडधड, वजन उतरणं, हात थरथरणं?

राजू ३०१: थरथरतात. मला वाटलं माझ्यावरच्या रागाने 😄

जोशी सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकी गुरुवारी धुणार.

जयश्री २०२: सैंधव! फक्त चार नावं आलीत 🙏

डॉ. नेहा ६०१: जयश्रीताई, साध्या सैंधवात आयोडीन नसल्यातच जमा. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच असू द्या.

देशपांडे काका १०१: आमच्या लहानपणी कुठे होतं आयोडीन?

डॉ. नेहा ६०१: गलगंड होते ना काका. म्हणून तर १९६२ साली सरकारला गलगंड नियंत्रण कार्यक्रम काढावा लागला.

देशपांडे काकू: ५०४ च्या सूनबाईंना तर आता आयोडीन हवंच 😊

प्रिया ५०४: काकू, आम्ही अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

राजू ३०१: अभिनंदन!! पेढे 🎉

जयश्री २०२: अभिनंदन प्रिया 💐 सैंधव उपवासाला तरी लागेलच ना?

सीमा ४०३: डॉक्टरांशी बोलले. आधीचाच डोस, पहाटे उपाशीपोटी, चहा पाऊण तासाने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. काका, औषधांचे मेसेज ग्रुपवर नकोत, ही नम्र विनंती.

देशपांडे काका १०१: विनंती पोचली. आमचीही एक नम्र विनंती. ४०३ ची स्कूटर आमच्या जागेतून काढावी.