चर्चा: ‘अर्ध्या रात्री धावून येतो’ ही सरपंचपदाची पात्रता झाली का?

बांधावरून (धागाकर्ता)

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की प्रत्येक फलकावर तोच मजकूर असतो. समाजसेवक, सुखदुःखात धावून येणारा, गोरगरिबांचा कैवारी. माणूस चांगला असेलही. पण आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, दहाव्याला उभं राहणं, मंडळाला वर्गणी देणं हा शेजारधर्म झाला.

सरपंचाचं काम काय ते बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा निधी 2021-22 पासून 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायचा) होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे 10 लाख आले तर 3 पाण्याला, 3 स्वच्छतेला. उरलेल्या 4 लाखांतूनही पगार भागवता येत नव्हते. स्वनिधीतले (ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले) 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 महिला-बालकल्याणासाठी, 5 दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. ‘सगळा वित्त आयोग सभामंडपाला लावतो’ म्हणणाऱ्याला एकतर हे ठाऊक नाही, नाहीतर तो थाप मारतोय.

मूल्यं बघायचीच तर दप्तरात बघा. नमुना 9 मध्ये, म्हणजे कराच्या मागणी नोंदवहीत, उमेदवाराच्या नावापुढची मागील बाकी आणि नमुना 10 च्या, म्हणजे करवसुलीच्या, पावतीवरची तारीख. कराचं बिल बजावल्यावर 3 महिन्यांत भरणा केला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे अपात्रता येते, त्यामुळे छाननीच्या दिवशी सगळेच बेबाक (थकबाकी नसलेले) असतात. फरक तारखेत दिसतो. चार वर्षांची पाणीपट्टी अर्ज भरायच्या आठवड्यात एकरकमी भरली असेल, तर तोवर नळाच्या मोटारीचं बिल कुणाच्या पैशांतून गेलं?

चावडी_७

दप्तर सांभाळायला ग्रामसेवक आहे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं). सरपंचानं माणसं सांभाळायची. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे लोकांनी ऐकलं ते तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या शब्दाला वजन होतं म्हणून. नमुना 9 बघून कुणी कुऱ्हाडबंदी पाळत नाही.

बांधावरून

उदाहरण तुमचं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, माणसांना-जनावरांना किती लागेल. उरलेल्या पाण्यावर पिकं ठरतात. शब्दाला वजन आलं ते आकडे सगळ्यांपुढे आले म्हणून.

चावडी_७

मग पाटोद्याचं काय? तिथले सरपंच राहिलेल्या भास्करराव पेरे पाटलांनी पूर्ण कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं, वसुलीचा तो नमुना राज्यभर गाजला. तरी 2021 च्या जानेवारीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या मुलीचा पराभव झाला. हिशेब चोख असला म्हणून मतं मिळतातच असं नाही.

सूचक_अनुमोदक

मतं मिळतात का हा वेगळा प्रश्न, द्यावीत का हा वेगळा. पण धागाकर्त्याचं निम्मंच बरोबर. करपावतीवरून माणूस नियमित आहे एवढंच कळतं. गावकीची कळकळ बघायची तर ग्रामसभेचं इतिवृत्त मागा. हजेरीपत्रक नको! सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात, हे उघड गुपित आहे. गणपूर्तीला (कोरमला) 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली जी संख्या कमी ती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. मुद्दाम तहकूब करून सात-आठ टाळक्यांत ठराव उरकायची वाट तिथूनच फुटते.

इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक असतो. उमेदवाराचं नाव गेल्या पाच वर्षांत कुठल्या ठरावाखाली आहे ते बघा. स्वतःच्या गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकखाली आहे, की वस्तीवरच्या पाणंद रस्त्याखाली?

ओटी

छान. म्हणजे जिचं नाव इतिवृत्तात कुणी कधी लिहिलंच नाही, ती बाद. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती बऱ्याच गावांत कागदावरच होते. तिथे बाईची ‘पार्श्वभूमी’ दप्तरात कुठून येणार? ती बचतगटाच्या वह्यांत असते. कर्ज कुणाला आधी द्यायचं, हप्ता थकला तर काय करायचं, हे दहा जणींत बसून कुणी ठरवलं ते विचारा.

आणि निवडून आल्यावर एकच गोष्ट तपासा, डिजिटल सहीचा डोंगल कुणाच्या खिशात आहे. पैसे काढताना एक सही ग्रामसेवकाची, दुसरी सरपंचाची लागते. डोंगल नवऱ्याकडे किंवा ऑपरेटरकडे असेल तर सरपंचबाई फक्त झेंडावंदनाला.

कलम_१४

दप्तराची भक्ती जपून करा, तेच हत्यार म्हणूनही चालतं. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जातं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याचा अर्थ आणखी कडक केला. अतिक्रमण घरच्यांनी केलेलं असलं, तरी त्या जागेत राहणारा सदस्य सुटत नाही. तरतूद योग्यच. पण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असं म्हणून काढलं होतं. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो हे त्यांचं म्हणणं खालच्या पातळीवर कुणी मनावर घेतलं नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाल्याचं गावाला खपलं नाही, यावर बोट ठेवलं.

शपथपत्रातल्या गुन्ह्यांचंही तसंच. आकडा मोजू नका, कलम वाचा. पाण्यासाठी रास्ता रोको केलेल्यावर बेकायदेशीर जमावाचं कलम असतं, जुन्या दंड विधानात 143, नव्या न्याय संहितेत 189. फसवणुकीचं जुनं 420, आता 318. तीन वेळा 143 लागलेला परवडला, एकदा 420 लागलेला नको.

चावडी_७

याला माझा पाठिंबा. आणि म्हणूनच म्हणतो, गावानं एकत्र बसून बिनविरोध करावं. ना शपथपत्रांची चिरफाड, ना भाऊबंदकी.

सूचक_अनुमोदक

बिनविरोध कशाच्या जोरावर? नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याला आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीला पदाची बोली लागली. एकीकडे दोन कोटींच्या घरात, दुसरीकडे 42 लाख. राज्य निवडणूक आयोगानं 2021 मध्ये दोन्ही निवडणुका रद्द केल्या. पैसा देवळासाठी होता म्हणे.

चावडी_७

लिलाव म्हणजे बिनविरोध नव्हे हो. अर्ज मागे घ्यायला लावणं आणि समजूत काढणं यात फरक आहे.

ओटी

समजूत काढायला बसलेल्यांत बायका किती होत्या, दलितवस्तीतले किती होते, तेवढं सांगा. मग फरक मानते.