शरीफची इलेक्ट्रिकल इंजिनिअर, अर्थशास्त्रात पीएचडी: इराणी सहकाऱ्याच्या बहिणीसाठी सल्ला हवा

आखेनकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. इथे जर्मनीत माझ्या शेजारच्या डेस्कवर एक इराणी सहकारी बसतो. त्याची धाकटी बहीण तेहरानच्या शरीफ विद्यापीठात इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला बाहेर जाऊन अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे. "तुमच्याकडे इंजिनिअरिंग करून भलतीकडेच जाणारे ढिगाने असतात, विचार ना कुणाला," असं तो म्हणाला. खोटं काय बोलला!
सरासरी २० पैकी १६.८. अर्थशास्त्राचे विषय जेमतेम दोन. पैसे बेताचे. थेट अमेरिकेत अर्ज करावा, युरोपात आधी मास्टर्स करावं, की तेहरानमध्येच काही करून मग निघावं? मुलगी असल्यामुळे सक्तीच्या लष्करी सेवेची भानगड नाही, तेवढं बरं.

गोरेगाव_टोरांटो
मी बीई करून गोरेगावच्या आयजीआयडीआर या संशोधन संस्थेतून अर्थशास्त्रात एमएस्सी केलं आणि मग इकडे आले, म्हणून लिहिते. पीएचडीच्या पहिल्या वर्षात सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासणं) या तिन्हींत गणितच गणित असतं. शरीफच्या मुलांना ते जड जात नाही. पण इंजिनिअरिंगचं गणित म्हणजे गणित सोडवणं, इथे सिद्ध करावं लागतं. रिअल ॲनालिसिसचा (सिद्धतांवर उभ्या कॅल्क्युलसचा) विषय गणित विभागात जाऊन रीतसर घ्यायला सांगा, गुणपत्रिकेवर दिसला पाहिजे.
खरी अडचण शिफारसपत्रांची. इलेक्ट्रिकलच्या प्राध्यापकाने कितीही कौतुक केलं तरी अर्थशास्त्राच्या समितीला त्यातून फारसं कळत नाही. शरीफमध्येच व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, तिथे निम्मी जनता इंजिनिअरच असल्यासारखी. माझ्या वर्गातला इराणी मुलगा तिथूनच आला होता. माझं मत: आधी तिथे मास्टर्स, मग बाहेर.

नेटका_नेटकर
उदाहरण हवं असेल तर अलिरझा तहबाझ-सालेही. शरीफमधून इलेक्ट्रिकल, पेनसिल्वेनिया विद्यापीठातून पीएचडीसुद्धा इंजिनिअरिंगचीच, आणि आज अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या केलॉग बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक. एका उद्योगाला बसलेला धक्का पुरवठ्याच्या जाळ्यातून अख्ख्या अर्थव्यवस्थेला कसा हलवतो, यावर अर्थतज्ज्ञ ॲसेमोग्लू वगैरेंबरोबरचा त्यांचा २०१२ चा निबंध प्रसिद्ध आहे. मुलीने पॉवर ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जाळ्यावर, प्रकल्प केला असेल तर हा निबंध तिला घरचाच वाटेल.

वऱ्हाडी_ठसका
गोरेगावताईंशी अर्धाच सहमत. तिथे मास्टर्सला बसायचं म्हणजे पुन्हा प्रवेशपरीक्षा, पुन्हा दोन-तीन वर्षं. दरम्यान रियालचं काय होईल? २०१५ च्या अणुकराराच्या वेळी डॉलर साधारण ३२ हजार रियालला होता, मार्च २०२५ मध्ये १० लाखांच्या पुढे गेला. घरच्यांनी साठवलेल्या पैशाची कशी माती होते बघा. जमेल तितक्या लवकर निघावं.
पण जर्मनीचा हट्ट नको. सरासरीचा प्रश्न नाही. जर्मन सूत्राने, पास १० ला धरून, १६.८ चे १.९६ होतात (तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास), म्हणजे झकास. घोडं पेंड खातं ते क्रेडिटवर. बऱ्याच जर्मन विद्यापीठांत मास्टर्सला अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट लागतात, दोन विषयांत ते भरत नाहीत, मग हुशारी बघण्याआधीच अर्ज बाजूला. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवा, आणि मानहाइमसारख्या ठिकाणी बिगर-युरोपियनांना सत्राचे १,५०० युरो शुल्क.
त्यापेक्षा माद्रिदचं सेमफी बघा. बँक ऑफ स्पेनने काढलेली छोटी संस्था, दोन वर्षांचं मास्टर्स, इंजिनिअर चालतात, शिष्यवृत्त्या आहेत. दुसरं ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या विद्यापीठांचं मिळून असलेलं टिंबर्गन इन्स्टिट्यूट. अभ्यास दोन्हीकडे घाम काढतो, पण पुढे पीएचडीला त्याचं वजन पडतं. पैशाची अगदीच चणचण असेल तर इटली. तिथे घरच्या उत्पन्नावर प्रांतिक शिष्यवृत्ती मिळते, आणि इराणी घरांचं उत्पन्न युरोत मोजलं की कमीच भरतं.

डब्बा_ऐसपैस
अमेरिकेचं स्पष्टच सांगतो: आत्ता अर्जाची फी फुकट घालवू नका. जून २०२५ च्या आदेशाने इराणी नागरिकांचे विद्यार्थी व्हिसासुद्धा थांबलेत. बंदी उठली तरी २०१२ चा एक कायदा आहेच. तेल, वायू, अणुऊर्जा या क्षेत्रांत काम करण्यासाठी शिकायचं असेल तर इराण्यांना व्हिसा नाकारतात. ऊर्जा-अर्थशास्त्राची आवड असेल तर हे आधीच माहीत हवं.
आमच्या विभागातल्या इराणी मुलीचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता. पीएचडी संपेपर्यंत घरी गेली नाही. धाकट्या भावाचं लग्न तिने पहाटे तीनला ऑफिसात बसून, हेडफोन लावून, लॅपटॉपवर पाहिलं. हातात दुसऱ्या दिवशीच्या ट्युटोरियलचे तपासायचे पेपर.
कॅनडात बंदी नाही, पण तेहरानमधली वकिलात २०१२ पासून बंद, बोटांचे ठसे द्यायला अंकारा गाठा, आणि सुरक्षा-तपासणीत अर्ज किती काळ अडकेल याचा भरवसा नाही.

पाटणकरांचा_बाळ
अवांतर: इंजिनिअरांचं चाललंय तर चालू द्या, पण नोबेलवाल्या अभिजित बॅनर्जींची आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. सहज सांगितलं.

आखेनकर
बाळासाहेब, अवांतर आवरा :)
सगळ्यांचे आभार. सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत भाषांतर करून वाचून दाखवलं. लग्नाच्या किश्श्यावर तो गप्पच झाला.
ठरलंय असं: रिअल ॲनालिसिस येत्या सत्रात, अर्थशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांकडे संशोधन सहायक म्हणून खटपट, आणि सेमफी, टिंबर्गन व एक इटालियन असे तीन अर्ज. शरीफच्या मास्टर्सची परीक्षाही ती देणार आहे, म्हणजे गोरेगावताईही खूश. इराणी बँकांची कार्डं बाहेर चालत नाहीत, त्यामुळे जीआरई प्रवेशपरीक्षेची आणि अर्जांची फी भाऊ इथून भरेल.
माद्रिदमध्ये कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सेमफीच्या आसपास एका खोलीचं भाडं किती पडतं, ते हवंय.