हिंगणा एमआयडीसी: सीएनसी ऑपरेटर टिकत नाहीत, काय करावं?

हिंगणेकर: नमस्कार. नागपूरजवळ हिंगण्यात टर्निंगचं जॉबवर्क आहे, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर कातून देतो. आठ ऑपरेटर. पोरगं आयटीआय करून येतं, सेटिंग (मशीन नव्या कामासाठी लावणं) शिकतं की चाललं बुटीबोरीला, नाहीतर पुण्याला. पगार 18 हजार. सगळे मिळून महिन्याला 12 हजारच वाढीव खर्च झेपेल. काय करावं?

वर्धारोड: पगार सरळ 25 करा. आम्ही केला, वर आईवडिलांसकट मेडिक्लेम दिला. एकही गेला नाही.

धंतोली_७: भाऊ, त्यांनी आठ जणांचे मिळून 12 हजार सांगितले.

लोखंडवाला: दोन वर्षांचा बॉन्ड लिहून घ्या.

पीएफ_ईएसआय: बॉन्ड केला तरी नोकरी सोडलेल्याला दुसरीकडे काम करण्यापासून अडवता येत नाही, करार कायदा 1872, कलम 27. फार तर प्रशिक्षणाचा वाजवी खर्च मागता येतो. आणि पगार 21 हजारांवर नेला की चालू सहामाही संपल्यावर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटतं, हे आधी पोरांना सांगा.

लोखंडवाला: ओव्हरटाइम धरून माझी पोरं केव्हाच 21 च्या वर गेली.

पीएफ_ईएसआय: त्या मर्यादेत ओव्हरटाइम धरत नाहीत.

सेटर_दादा: मी ऑपरेटर होतो, तिकडचंच सांगतो. सात तारखेचा पगार वीसला. जॉब (बनवलेला भाग) रिजेक्ट झाला की सुपरवायझर सगळ्यांसमोर शिव्या देणार. दोन हजारांसाठी नाही सोडलं मी. ऑपरेटरचा सेटर कधी होणार, किती वाढणार, हे कोणी सांगतच नव्हतं. जाताना मालकानं काऊन चालला म्हणून विचारलंही नाही.

वर्धारोड: शेवटी पैसाच लागतो. पगार वाढवा.

मेट्रोप्रवासी: लोकमान्य नगर स्टेशनवरून गाडी लावा.

धंतोली_७: रात्रपाळी सुटते तेव्हा मेट्रो असते का?

हिंगणेकर: सर्वांचे आभार. सेटर_दादांचं वाचून, सोडून गेलेल्या पोरांना फोन लावले. बहुतेकांनी एकच सांगितलं, मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही. म्हणून आधी दोन डक्ट कूलर हप्त्यावर घेतो आणि उन्हाळ्यात पहिली पाळी सहाला सुरू करतो. पगाराचं दिवाळीनंतर बघू.

वर्धारोड: कूलरसाठी कोणी थांबत नाही हो.

सेटर_दादा: थांबतात. फक्त हवा मशीनच्या पॅनेलवर अन् तयार मालावर सोडू नका, ओलीनं गंज धरते. अन् पगार सातलाच द्या.